कौल उडू नये, पण हाताने निघावं

श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे. 3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. घरात तेव्हा नानाकाका आणि वहिनी दोघंच होते. वारा आधी एका अंगाने आला, थोडा थांबला आणि मग उलट्या अंगाने आला, असं काका सांगतात. संध्याकाळी ते खळ्यात उभे राहिले तेव्हा अठराशे कौलांपैकी सहाशेच्या वर गेली होती. बागेतल्या सुपाऱ्या आडव्या पडल्या होत्या, त्यांचं दुःख वेगळं. ही नोंद फक्त छपराची आहे. पुढच्या तीन वर्षांत आम्ही कौलं दोनदा बांधली. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा अर्धे चुकलो आणि मग जमलं.

कोणती कौलं गेली आणि कोणती राहिली, याचा मी नंतर फोटोंवरून नकाशा काढला. आढ्याला, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कण्याला, लागून असलेल्या दोन ओळी गेल्या होत्या. वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, दोन ओळी गेल्या होत्या. दोन्ही टोकांच्या भिंतींवरच्या कडा गेल्या होत्या. पाख्याचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचा, मधला भाग बहुतेक ठिकाणी जागेवर होता. फक्त माळ्याच्या खिडकीवरचा चटईएवढा तुकडा उघडा पडला होता. त्या खिडकीची झडप आधी तुटली, वारा आत शिरला आणि त्याने कौलं खालून वर ढकलली. बाकीच्या ठिकाणी ती वरून ओढली गेली होती.

वारा कौलं ढकलून पाडतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो ती उचलतो. छपराच्या कडेवरून वारा वळतो तिथे वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि कौल वर ओढलं जातं. हिशोब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि 0.6 ने गुणा, की दर चौरस मीटरला किती न्यूटन दाब ते निघतं. ताशी 120 किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला 33 मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण 66 किलोचा जोर. आमच्या छपरावर चौरस मीटरला 15 कौलं बसतात आणि सुकं कौल भरतं 2 किलो 400 ग्रॅम, म्हणजे एकूण वजन 36 किलो. छपराच्या मधल्या भागात हा सगळा जोर ओढीत उतरत नाही, आणि कौलांच्या फटींतून हवा ये-जा करत असल्यामुळे आतबाहेरचा दाब बराचसा सारखा होतो. म्हणून मधली कौलं तरतात. कडेला मात्र ओढ दीडपट-दुप्पट होते, आणि तिथे 36 किलोचं काही चालत नाही.

काढता का यायला हवं

वादळानंतर गावात कौलं बसवण्याचे दोन प्रकार झाले. काहींनी कौलं टाकून पत्रा घातला. काहींनी कौलांच्या कडा सिमेंटने भरून घेतल्या. दोघांनाही मी नावं ठेवत नाही, कारण त्या वर्षी पाऊस ताडपत्रीखाली काढलेल्या माणसाला कायमचा इलाज हवा असतो. पण कौलारू छपराचं सगळं गणितच कौल निघण्यावर उभं आहे. दर उन्हाळ्यात घर शाकारायचं असतं. कौलं उतरवायची, शेवाळ घासायचं, फुटकी बदलायची, वाळवी लागलेली रीप, म्हणजे कौलं जिच्यावर टेकतात ती आडवी लाकडी पट्टी, काढायची. मध्येच वानरांची टोळी येते आणि चार कौलं फोडून जाते, आणि ती भर पावसात बदलावी लागतात. सिमेंटने चिकटवलेलं कौल काढायला गेलं की ते फुटतं, शेजारचंही फुटतं. शिवाय ते सिमेंट पाणी पितं आणि ओलावा हळूहळू रिपेला देत राहतं. शेजारच्या एका घरात तीन पावसाळ्यांत कडेच्या रिपा काळ्या पडून भुसभुशीत झाल्या.

मंगलोरी कौल मुळात मोकळं ठेवण्यासाठीच घडलेलं आहे. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये घेतलं. आपल्याकडे बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये कारखाना काढला आणि पश्चिम किनाऱ्यावर नळीच्या गोल कौलांच्या जागी ही चपटी कौलं आली. एका बाजूची पन्हळ शेजारच्या कौलाच्या कडेखाली जाते, वरच्या कौलाची शेपटी खालच्या कौलाच्या डोक्यावर बसते आणि पोटाच्या खुंट्या रिपेला लटकतात. वजन आणि अडकण एवढ्यावर ते उभं असतं. रोजच्या वाऱ्यापावसाला हे पुरतं. वादळाला पुरत नाही.

थोडक्यात, काम दोन विरुद्ध टोकांचं होतं. कौल धरून ठेवायचं, पण वहिनीला स्टुलावर उभं राहून आतून काढता यायला हवं. आणि या खटपटीत पावसाला नवी वाट मिळता कामा नये.

पहिला प्रयत्न: स्क्रू

2021 च्या उन्हाळ्यात आम्ही एका ठेकेदाराला काम दिलं. त्याचा हात पत्र्याच्या शेडवर बसलेला होता. कडेच्या ओळींत त्याने प्रत्येक कौलाला एक स्क्रू मारला. रबराचा वॉशर असलेला, पत्र्याला मारतात तोच. असे सुमारे तीनशे स्क्रू बसले. काम झटपट झालं आणि स्क्रू उलटा फिरवला की कौल निघतं, म्हणजे अट पाळल्यासारखी वाटली. नानाकाका मात्र पहिल्या दिवसापासून नाखूष होते. "अरे, कौल म्हणजे पत्रा नव्हे पिळून बसवायला," ते म्हणाले. मी ऐकलं नाही.

ठेकेदाराच्या बाजूने एक सांगायला हवं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं तेव्हा या घराचं एकही कौल हललं नाही. मग जून लागला आणि आतून ठिबकायला लागलं. एका जागी नाही, वळचणीच्या सगळ्या लांबीत, थेंब थेंब.

भोक कुठे आहे ते पाहिल्यावर कारण कळलं. कौलाच्या पाठीवर दोन खोलगट वाटा असतात, पाणी त्यांतूनच वाहतं. स्क्रू सपाट जागी नीट बसतो म्हणून त्याने तो बरोबर त्या वाटेत मारला होता. तो वरच्या कौलातून, मग खालच्या कौलाच्या डोक्यातून, मग रिपेत जात होता. म्हणजे पहिल्या भोकातून शिरलेलं पाणी दुसऱ्या भोकावर आणि तिथून थेट लाकडावर. सगळी भिस्त एका वॉशरवर होती. पत्रा गुळगुळीत असतो आणि दाबला की किंचित वाकतो, म्हणून तिथे वॉशर सगळीकडून सारखा बसतो. कौलाची पाठ खरखरीत असते, थोडी वाकडी असते आणि अजिबात वाकत नाही. स्क्रू ढिला ठेवला तर गळतो, घट्ट केला तर कौल तडकतं. त्यातून पावसात रीप फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे आज बरोबर बसलेला स्क्रू सहा महिन्यांनी एक तर घट्ट असतो नाहीतर ढिला. डिसेंबरात आम्ही ते सगळे स्क्रू काढले तेव्हा तीनशेपैकी नव्वदएक कौलांना भोकापासून शेपटीपर्यंत केसाएवढी तडा गेलेली होती. एकाच पावसात स्क्रूंची डोकी गंजली होती, ते वेगळंच.

कोणीतरी सिलिकॉन लावा म्हणालं. दहा-बारा ठिकाणी लावून पाहिलं. ओल धरलेल्या मातीला ते नीट चिकटत नाही, आणि जिथे चिकटलं तिथे कौल निघेना.

मासळीचा काटा

दुसऱ्या खेपेला आधी मोजायचं ठरवलं. किती जोर लागतो हे माहीत नसताना आपण तीनशे स्क्रू मारले होते, ही लाजेची गोष्ट होती. वहिनीकडे मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. मी शिडी लावून वळचणीच्या कौलाच्या शेपटीला दोरीचा फास अडकवला आणि काट्याने वर ओढलं. न बांधलेलं कौल 1 किलो 300 ग्रॅमलाच उचललं. वजनाच्या जेमतेम निम्मं, कारण कौल अख्खं उचलावं लागतच नाही, ते डोक्याकडच्या खुंटीवर दरवाजासारखं फिरतं. शेपटी उचलली की वारा खाली शिरतो आणि पुढचं काम त्याला सोपं जातं.

म्हणजे धरायची ती शेपटी. डोकं खिळ्याने कितीही पक्कं करा, शेपटी मोकळी असेल तर कौल फडफडणारच.

किती जोराला धरायची? इमारतींवरच्या वाऱ्याच्या जोरासाठीच्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद धरलेला आहे. तो घेतला तर चौरस मीटरला 118 किलो होतात. कडेला दीडपट ओढ धरली तर एका कौलावर 12 किलोच्या आसपास. वजन वजा जाता साडेनऊ, आणि शेपटीला त्याचं निम्मं म्हणजे पाच किलोच्या आत. दुप्पट भरवसा हवा म्हणून दहा किलो हे माप ठरवलं. हे काही रॉकेटचं काम नव्हे, साध्या तारेचं काम आहे, हे तेव्हा कळलं आणि हायसं वाटलं.

काट्याने आणखी एक गोष्ट दाखवली. तारेने कौल रिपेला बांधून ओढलं तर अठरा किलोला कौल तसंच राहिलं आणि रिपेचा खिळा वर आला. म्हणजे कौलं घट्ट बांधली असती तर पुढच्या वादळात कौलं रिपेसकट गेली असती. कडेच्या सगळ्या रिपा वाश्यांना खिळ्यांऐवजी स्क्रूने धरल्या, आणि वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्ट्यांनी. इथे स्क्रू बिनधास्त वापरले, लाकडात लाकूड, वर कौलाचं पांघरूण. पुढचं सगळं वर्णन या कामाशिवाय फुकट आहे, तरी त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. तीन दिवस गेले.

आकडी

कौल उलटं धरलं तर पोटाला मधोमध एक लहानशी खुंटी दिसते आणि तिला आरपार भोक असतं. ते तार ओवण्यासाठीच असतं. आमच्या जुन्या कौलांपैकी बऱ्याच जणांना अशी खुंटी होती, पण निम्म्यांची भोकं भाजतानाच बुजलेली किंवा नंतर मातीने भरलेली. जिथे भोक मोकळं होतं तिथे प्रश्नच नव्हता. तार भोकातून ओवून खालच्या रिपेला दोन पीळ द्यायचे. सगळी गाठ कौलाच्या पोटात राहते, पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. काढताना पक्कडीने दोन पीळ उलटे. यापेक्षा चांगली बांधणी मला अजून दिसलेली नाही. नवीन कौलं घेताना दुकानात प्रत्येक कौल उलटून भोकात काडी घालून पाहावी, दुकानदार वैतागला तरी चालेल.

अशी अडीचशे कौलं बांधून झाली. बाकीच्यांसाठी गावच्या सुतारमामांनी आणि मी मिळून तारेची आकडी तयार केली. 3 मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची तार, 316 ग्रेडची, प्रत्येकी 25 सेंटीमीटर. खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा वर वळलेला ओठ, तो वरच्या कौलाच्या शेपटीला पकडतो. तिथून तार दोन कौलांच्या मधून वर जाते, खालच्या कौलाच्या डोक्यावरून पलीकडे उतरते आणि रिपेला खालून मिठी मारते. ही मिठी बंद केलेली नाही. आतून अंगठ्याने वर दाबून आडवी फिरवली की सुटते. पहिल्या नमुन्यात 2 मिलिमीटरची तार घेतली होती, ती काट्यावर आठ किलोला सरळ झाली. 3 मिलिमीटरची पंधराला थोडी हलली.

316 चा आग्रह का, तर समुद्र. गावात लोकांनी वादळानंतर बांधकामाची काळी तार वापरली, ती दुसऱ्या पावसात हाताने मोडत होती. जस्ताचा मुलामा असलेली तार थोडी जास्त टिकते. आमचे वासे ऐनाचे आहेत. ओल्या लाकडातून उतरणारा आंबूस रस जस्तालाही खातो, खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसतं ते त्याचंच. सगळ्या आकड्यांना मिळून नऊ किलो तार लागली. त्यात काटकसर करून काय मिळणार होतं?

वाकवण्यासाठी सुतारमामांनी फळीवर चार खिळे ठोकून साचा केला. "भाऊ, तुमचं ते इंजिनिअरिंग ठेवा बाजूला, आधी हाताला सवय लागू दे," म्हणाले. दुपारपर्यंत त्यांचा हात मिनिटाला दोन आकड्या काढत होता. माझा एक, तीही वाकडी.

काचेच्या कौलांसाठी हीच आकडी उपयोगी पडली. माजघरावर उजेडासाठी दोन काचेची कौलं आहेत, त्यांना भोक पाडणं शक्यच नव्हतं. तिथे ओठावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला.

चूक नंबर दोन

2022 च्या पावसाने पुन्हा नाक खाली घालायला लावलं. स्क्रूच्या वेळेसारखं नाही, पण जोराच्या झडीत काही ठिकाणी आत तुषार यायचे. नुसता सरळ पाऊस पडला तर काही नाही, वारा असला तरच.

उघडीप मिळाली तशी बागेची नळी घेऊन परीक्षा केली. ती करायचीही रीत आहे. वरून पाणी सोडलं तर सगळीकडेच ओलं होतं आणि कुठून आलं ते कळत नाही. खालून सुरुवात करायची. आधी फक्त वळचणीची ओळ, पाच मिनिटं. मग तिच्या वरची. आत वहिनी बॅटरी आणि खडू घेऊन माळ्यावर, जिथे थेंब दिसेल तिथे रिपेवर खूण. दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत एकोणीस खुणा झाल्या, आणि त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. आकडीची तार कौलाच्या खोलगट वाटेतून गेली होती.

वाटेत वरचं आणि खालचं कौल एकमेकांना टेकलेली असतात. तिथे 3 मिलिमीटरची तार घातली की वरच्या कौलाची शेपटी तेवढीच उचलली जाते. डोळ्याला दिसत नाही, पण वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला तेवढी फट पुष्कळ. दोन कौलांची सांधण पाणी अडवते ती दोन गोष्टींनी. वरून आठ सेंटीमीटरचं पांघरूण असतं, आणि खालच्या कौलाच्या डोक्याला उंच कड असते. आमच्या उताराला त्या आठ सेंटीमीटरमध्ये पाण्याला चार सेंटीमीटर उंच चढावं लागतं. बारीक फटीत ते चढत नाही, पण फट उघडली आणि मागून वारा असला की तुषार होऊन उडतं.

इलाज हाताशीच होता. कौलाच्या मधोमध जो उंचवटा असतो, त्याच्याखाली दोन कौलांमध्ये आपोआप पोकळी राहते. तार तिथून नेली तर काहीच उचललं जात नाही, आणि पाणीही तिथे येत नाही कारण ते दोन्ही बाजूंच्या वाटांनी गेलेलं असतं. आकडीचा आकार तोच, फक्त चार बोटं बाजूला सरकवली. सगळ्या आकड्या सरकवायला दोन माणसांना दोन दिवस लागले. एकही कौल खाली उतरवावं लागलं नाही, कारण आकड्या सुटत होत्या. सिमेंट किंवा स्क्रू असते तर ही चूक दुरुस्त करण्याची हिंमतच झाली नसती, चालवून घेतलं असतं.

एवढं करूनही पडवी गळतच राहिली. तिथले सगळे थेंब मी आकड्यांच्या नावावर घालत होतो. शेवटी नानाकाकांनी पडवीवरच्या आकड्या काढून टाकायला लावल्या आणि नळी सोडली, तरी तेवढंच पाणी आलं. पडवी वीस वर्षांपूर्वी पुढे वाढवली तेव्हा उंची कमी पडली म्हणून तिचा उतार घराच्या तीस अंशांवरून अठरावर आला होता. अठरा अंशांत ते चार सेंटीमीटर अडीचच राहतात. मंगलोरी कौल एवढ्या सपाट उतारावर पाणी धरू शकत नाही, बांधा किंवा सोडा.

पडवीवर मग कौलांखाली पत्रा घातला. यातही एक खुबी आहे. पत्र्यावर थेट आडव्या रिपा मारल्या तर कौलातून आलेलं पाणी प्रत्येक रिपेमागे तुंबतं आणि तिच्या खिळ्यांतून आत येतं. म्हणून आधी पत्र्यावर वाश्यांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा, त्यांवर कौलं. पाणी रिपांखालून वाहत पन्हळीत जातं. पत्र्याचे स्क्रू उभ्या पट्टीखाली झाकलेले, लाटेच्या माथ्यावर. स्टेनलेस आकडी जस्ताच्या पत्र्याला टेकू दिली नाही, खाऱ्या हवेत दोन्ही भिडले की पत्र्याचं जस्त आधी जातं.

आढं

आढ्यावरचे कोने, म्हणजे दोन पाख्यांची सांधण झाकणारी कौलं, पूर्वी चुन्यात बसवलेले होते, वादळात चुन्यासकट गेले. इथे मात्र स्क्रू वापरला, आणि तो गळत नाही. भोक कोन्याच्या अगदी माथ्यावर आहे, म्हणजे तिथे पाणी थांबत नाही, दोन्हीकडे उतरतं. शिवाय ते कोन्याच्या ज्या टोकावर पुढचा कोना चढतो त्या टोकाला आहे, त्यामुळे प्रत्येक स्क्रूवर पुढच्या कोन्याचं छत्र. उघडा राहतो तो फक्त शेवटचा. कोने आदल्या रात्री पाण्यात भिजत घातले, सकाळी वाळूच्या पिशवीवर ठेवून काँक्रीटच्या बिटने भोक पाडलं. मशीनचा ठोका बंद, नुसतं फिरणं. कोरड्या कोन्यावर ठोक्यासकट मारलेले पहिले दोन फुटले. स्क्रू वॉशर फुगेपर्यंत पिळला आणि पाव फेरा मागे घेतला, भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवलं, म्हणजे लाकूड हललं तरी कोन्याला ताण नाही.

कोन्याखालची त्रिकोणी पोकळी बुजवली नाही. हवा तिथून निघते, आणि वटवाघळं येऊ नयेत म्हणून बारीक जाळी पुरते.

किती बांधली

कडेच्या दोन-दोन ओळी आणि आढ्यालगतच्या दोन, दोन्ही पाख्यांना मिळून साडेपाचशे कौलं. समुद्राकडच्या पाख्याच्या मध्ये एक सोडून एक, आणखी तीनशेवर. एकूण आठशे सत्तर. पूर्वेकडच्या पाख्याचा मधला भाग मोकळाच आहे.

हे पुरेसं आहे का, यावर माझं आणि काकांचं एकमत नाही. जपानमध्येही पूर्वी वळचण आणि कडा बांधणं आणि आढ्यावर एक सोडून एक एवढंच बंधन होतं. 2019 मध्ये फाक्साई वादळाने चिबा भागात हजारो छपरं उघडी केली, आणि 1 जानेवारी 2022 पासून तिथे नव्या घराचं प्रत्येक कौल बांधणं सक्तीचं झालं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "त्यांच्याकडे वानरं किती?" बोलणं तिथेच संपलं. पूर्वेच्या पाख्यासाठी चार किलो तार आणून माळ्यावर ठेवली आहे. सुतारमामा मोकळे झाले की बघू.

गेल्या जुलैत वानरांनी समुद्राकडच्या पाख्यावर तीन कौलं फोडली. मी पुण्यात होतो, वहिनीचा फोन आला तेव्हा काम झालेलं होतं. स्टुलावर उभं राहून तिने आतून आकड्या सोडवल्या, वरची कौलं दोन इंच वर सरकवली, फुटकी आत ओढून घेतली आणि नवीन लावली. बाहेर मुसळधार पाऊस होता. मी विचारलं, आकडी परत उंचवट्याखालीच लावलीस ना? ती म्हणाली, "भावजी, तुम्ही एकोणीस खुणा करायला लावल्या होत्यात, विसरेन कशी?"